भिंतींवर वेली चढवणारा माणूस : विल्यम मॉरिस

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात भाड्याच्या घरात राहणाऱ्या आम्हा मंडळींचा भिंतीशी संबंध बेताचाच. भिंत मालकाची, रंग मालकाचा, आणि घर सोडताना होती तशी परत करायची. साधा खिळा ठोकायचा तरी आधी डिपॉझिट डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे 'नॉन-वोव्हन' वॉलपेपर आम्हा भाडेकरूंना फार सोयीचा. खळ कागदाला न लावता भिंतीला लावायची, पट्टी कोरडीच चिकटवायची, आणि जायच्या वेळी खालचा कोपरा धरून सरळ वर ओढायची. अख्खी पट्टी निघून येते.

दुकानात कॅटलॉगची जाड बाडं चाळायला लागलं की थोड्या वेळाने सगळं सारखंच दिसायला लागतं. पण मध्येच एखादं पान हात धरून थांबवतं. विलोच्या लांबट पानांच्या डहाळ्या, गुलाबाच्या जाळीत बसलेले पक्षी, वळत वर जाणारी अकँथसची मोठी पानं. खाली नाव असतं मॉरिस. हा कुठला ब्रँड म्हणून शोधायला गेलं, तर एकोणिसाव्या शतकातला एक दाढीवाला, तापट, अफाट कामसू इंग्रज भेटतो. कवी, रंगारी, विणकर, छापखानेवाला, दुकानदार आणि समाजवादी. त्याच्या वॉलपेपरची गोष्ट दिसते तितकी गोड नाही, म्हणून ती सांगावीशी वाटली.

विल्यम मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ चा, लंडनच्या कडेला वॉल्थमस्टो इथला. वडील लंडनमध्ये हुंड्यांचा व्यवहार करायचे. घर सुखवस्तू होतंच, पण खरा पैसा आला तो खाणीतून. १८४४ साली इंग्लंडच्या डेव्हन भागात तांब्याचा मोठा साठा लागला. 'डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स' या कंपनीचा एक पौंडाचा शेअर थोड्याच काळात आठशे पौंडांवर गेला, आणि मॉरिस घराण्याकडे ते शेअर भरपूर होते. विल्यम तेरा वर्षांचा असताना वडील वारले, पण खाणीचं उत्पन्न चालू राहिलं. एकविसाव्या वर्षी त्याच्या हातात वर्षाला सुमारे नऊशे पौंड यायला लागले. पोटापाण्यासाठी काही करायची गरजच नव्हती. ही खाण लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

ऑक्सफर्डला तो १८५३ मध्ये गेला तो पाद्री व्हायचं ठरवून. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स भेटला आणि दोघांची जन्माची मैत्री जमली. १८५५ च्या सुट्टीत दोघे उत्तर फ्रान्समधली जुनी चर्चेस बघत फिरले आणि परत येताना ठरवूनच आले की पाद्री व्हायचं नाही. एकाने चित्रकार व्हायचं, दुसऱ्याने वास्तुविशारद. मॉरिस एका वास्तुविशारदाच्या कचेरीत लागला, तिथे फिलिप वेब हा आणखी एक कायमचा मित्र मिळाला. पण कचेरीत तो टिकला नाही. चित्रकलेतही फार रमला नाही. इंजिनिअरिंगला जाऊन, दोन नोकऱ्या बदलून, शेवटी भलत्याच गोष्टीत जीव लागलेली माणसं आपण बघतो ना, त्यातलाच.

१८५९ मध्ये त्याने जेन बर्डनशी लग्न केलं. ती ऑक्सफर्डच्या एका मोतद्दाराची मुलगी. त्या काळच्या श्रीमंत घराला हे न रुचणारंच. संसारासाठी वेबने बेक्स्लीहीथला लाल विटांचं घर बांधून दिलं, 'रेड हाउस'. घर झालं, पण आत लावायला मनासारखं काही बाजारात मिळेना. खुर्च्या बोजड, कापडं भडक, कागद त्याहून भडक. मग मित्रांनीच सगळं केलं. कोणी भिंती रंगवल्या, कोणी कपाटं, बायकांनी भरतकाम केलं. त्यातून १८६१ मध्ये कंपनी उभी राहिली. १८७५ नंतर ती एकट्या मॉरिसची झाली.

पहिल्या वॉलपेपरचं डिझाईन त्याने १८६२ मध्ये काढलं, ते रेड हाउसच्या बागेतल्या गुलाबाच्या जाळीवरून. नाव 'ट्रेलिस'. त्याला पक्षी नीट जमेनात, म्हणून ते वेबने काढून दिले. छपाई आपणच करायची म्हणून जस्ताच्या पत्र्यांवर तेलरंगांत खटपट केली, ती फसली. शेवटी काम गेलं इस्लिंग्टनच्या 'जेफ्री अँड कंपनी'कडे, आणि तिथले कारागीर लाकडी ठशांनी हाताने कागद छापायला लागले. एका रंगाला एक ठसा, कधी एकाच रंगाला दोन. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा नाही. १८७५ च्या 'अकँथस'ला तीस ठसे आणि पंधरा रंग लागायचे. तीस वेळा त्याच जागी, केसभरही न हलता ठसा टेकवायचा. आमच्याकडे सांगानेरचं किंवा बाघचं ठशाचं कापड ज्यांनी छापताना बघितलंय, त्यांना हे डोळ्यांपुढे आणायला सोपं जाईल.

मॉरिसचा हात नेमका कुठे चालायचा, हे मला माझ्या धंद्यामुळे जरा जास्त कळतं असं वाटतं. वॉलपेपर म्हणजे एक चौकोन घेऊन तो पुन:पुन्हा मांडायचा. कॉम्प्युटरला हे दोन ओळींचं काम. अवघड गोष्ट ही, की बघणाऱ्याला तो चौकोन सापडता कामा नये. मॉरिसच्या कागदात मुख्य वेल एका लयीत वळते, तिच्यामागे बारीक पानांचा दुसरा थर वेगळ्याच चालीने चालतो, आणि शेजारची पट्टी बऱ्याचदा अर्ध्या डिझाईनइतकी खाली सरकवलेली असते. त्यामुळे नजर फिरत राहते, जोड सापडत नाही. आजही रोलच्या लेबलवर एकमेकांना चुकवणारे दोन बाण आणि खाली अर्ध्याचा आकडा असतो, ती हीच चाल. तसा रोल घेतला तर जुळवताना कागद वाया जाणार हे धरूनच चालावं. तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंदीच्या भिंतीला ५३ सेंटिमीटरच्या सात पट्ट्या लागतात. १०.०५ मीटरच्या रोलमधून नेहमीच्या उंचीच्या पूर्ण पट्ट्या तीनच निघतात. म्हणजे तीन रोल, आणि तिन्हींवरचा बॅच नंबर एकच हवा. नंबर बदलला की रंग किंचित बदलतो, आणि ते भिंतीवर चढल्यावरच कळतं.

निवडीबद्दल मॉरिसच्या कंपनीने १८८३ मध्ये बॉस्टनच्या प्रदर्शनासाठी पुस्तिका काढली होती. भिंत शांत ठेवायची असेल तर ठाशीव रेघा नसलेलं, सगळीकडे सारखं पसरणारं डिझाईन घ्या, असा तिचा सल्ला. आणि डिझाईन घ्यायचंच तर भीत भीत घेऊ नका, असाही एकूण सूर. गंमत म्हणजे मॉरिसला स्वतःला भिंतीवर कागदापेक्षा कापड आवडायचं. कागद हा त्याच्या लेखी परवडत नसणाऱ्यांचा उपाय. तरी असा उपाय म्हणून त्याने जवळपास पन्नास डिझाईन्स काढली.

आता ती खाण. तांबं संपत आलं तशी डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स त्याच दगडातून दुसरी वस्तू काढायला लागली. आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. बघता बघता ती जगातल्या सर्वात मोठ्या सोमल-उत्पादकांपैकी एक झाली. भट्टीच्या धुराड्यांत साचलेली पांढरी पूड खरवडायला माणसं आत उतरायची, नाकात कापसाचे बोळे आणि अंगाला चिकणमाती फासून. मॉरिस १८७१ पासून १८७५ पर्यंत या कंपनीच्या संचालक मंडळावर होता.

आणि हा सोमल जायचा कुठे? इतर अनेक ठिकाणांबरोबर हिरव्या रंगात. स्वीडनच्या शेले या रसायनतज्ज्ञाने १७७५ च्या सुमारास तांबं आणि सोमल मिळून एक झगझगीत हिरवा तयार केला. पुढे त्याचाच आणखी तेजस्वी भाऊ आला. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात खोल्या, मेणबत्त्या, कागदी फुलं, मुलांची खेळणी, सगळं या हिरव्यात न्हालं. लोक आजारी पडायला लागले तेव्हा डॉक्टरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. कागद पिठाच्या खळीने चिकटवलेला, भिंत ओली, खळीवर बुरशी. १८९० च्या दशकात गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवलं की काही बुरशा सोमलयुक्त रंगातून लसणासारख्या वासाचा वायू सोडतात. त्या वायूने किती माणसं खरंच मेली यावर आज अभ्यासकांत मतभेद आहेत. पण घासल्यावर उडणारी हिरवी भुकटी, आणि ती बनवणाऱ्या कामगारांच्या हातावरचे व्रण, यावर मतभेद नाहीत. ब्रिटनमध्ये यावर बंदीचा कायदा शेवटपर्यंत झाला नाही. ग्राहक मागायला लागले, म्हणून छापणाऱ्यांनी सोमल सोडला.

मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदात तो होता का? होता. २००३ मध्ये अँड्र्यू मेहार्ग या शास्त्रज्ञाने 'ट्रेलिस'चा एक जुना तुकडा तपासला आणि त्यातल्या हिरव्यात तांब्या-सोमलाचा क्षार सापडला. 'नेचर'मध्ये ते छापून आलं. मॉरिसला ही चर्चा ठाऊक होती. १८८५ मध्ये रंगारी मित्र थॉमस वॉर्डलला लिहिलेल्या पत्रात त्याने सोमलाची सगळी भीती म्हणजे डॉक्टरांना चढलेलं खूळ असल्यासारखी उडवून लावली. तोवर त्याचे कागद सोमलाशिवाय छापले जाऊ लागले होते, पण ते पटून नव्हे, गिऱ्हाइकांची कटकट नको म्हणून.

इथे मॉरिसचे चाहते अडखळतात. काळच तसा होता, असं म्हणून पुढे जायचा मोह होतो. पण ज्याने चार वर्षं संचालक म्हणून कागदपत्रांवर सह्या केल्या, त्याला धुराड्यात उतरणारी माणसं ठाऊक नव्हती असं मानणं मला जड जातं. आणि हाच माणूस पुढे कामगारांसाठी रस्त्यावर उतरला, हेही तितकंच खरं.

तो बदल एका दिवसात झाला नाही. १८७५ मध्ये त्याने खाणीचं पद सोडलं, आणि त्याच सुमारास तो नैसर्गिक रंग शिकायला वॉर्डलकडे लीक गावी जाऊ लागला. कारखान्यात तयार होणारे रासायनिक रंग त्याला उथळ वाटायचे. त्याला हवी होती नीळ. आपलीच नीळ, हिंदुस्थानातून जहाजं भरून जाणारी. पण तिचं पीप सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं. तापमान बिघडलं की सगळं वाया. महिनोन् महिने मॉरिसचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. १८८१ मध्ये मर्टन ॲबी इथे वँडल नदीकाठी त्याने स्वतःचा कारखाना काढला. तिथल्या हौदांत कापड आधी गडद निळं करायचं, मग हवं तिथला रंग उतरवायचा, आणि मग लाल-पिवळा चढवायचा. १८८३ चं 'स्ट्रॉबेरी थीफ' असं तयार झालं. ते मुळात पडद्याचं कापड आहे. आज त्याचा वॉलपेपर विकतात.

हिंदुस्थानशी त्याचा धागा निळीपुरता नव्हता. बर्न-जोन्सच्या बायकोची बहीण ॲलिस आणि तिचा नवरा लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईला आले. लॉकवूड जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला लागले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं त्यांची. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांना मुंबईत मुलगा झाला, तो रडयार्ड किपलिंग. हा मुलगा पुढे सुट्टीत लंडनला मावशीच्या घरी यायचा, तेव्हा मॉरिसकाका मुलांच्या झुलत्या घोड्यावर बसून त्यांना आइसलंडच्या जुन्या गोष्टी सांगायचा. दुसरा धागा बेळगावचा. सर जॉर्ज बर्डवुड १८३२ मध्ये बेळगावात जन्मले, मुंबईत डॉक्टर आणि प्राध्यापक होते, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. लंडनला परतल्यावर त्यांनी हिंदी कारागिरीवर १८८० मध्ये मोठा ग्रंथ काढला. मॉरिसही त्याच सुमारास तेच सांगत होता. १८७९ च्या बर्मिंगहॅमच्या भाषणात त्याने म्हटलं की इंग्लंडचा व्यापार आणि राज्य हिंदुस्थानातली जिवंत कला मारून टाकत आहेत. तुरुंगात कैद्यांकडून स्वस्त गालिचे विणून घेऊन सरकारच विणकरांच्या पोटावर पाय आणतंय, याचीही त्याला चीड होती. आपल्याकडे स्वदेशीची लाट यायला अजून पाव शतक होतं.

घरात मात्र फार सुख नव्हतं. जेनचं मन त्याच्या मित्राकडे, रोझेट्टीकडे ओढलेलं होतं. १८७१ मध्ये मॉरिस आणि रोझेट्टी यांनी मिळून केल्मस्कॉटचं जुनं घर भाड्याने घेतलं, आणि त्या दोघांना तिथे सोडून मॉरिस आइसलंडला निघून गेला. यावर इंग्रजीत पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, आपण यापुढे न गेलेलं बरं. मोठी मुलगी जेनी, तिला अपस्माराचा आजार जडला तो बापाला कायम बोचत राहिला. धाकटी मे बापासारखी निघाली. १८८५ मध्ये, तेवीस वर्षांच्या वयात, तिने कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला. 'हनिसकल' हा वॉलपेपर तिचा आहे, आणि कित्येक वर्षं लोक तो बापाचा समजत आले.

१८८३ मध्ये मॉरिस समाजवादी चळवळीत शिरला. पन्नाशीला आलेला नामांकित कवी आणि दुकानदार चौकाचौकांत उभा राहून भाषणं द्यायला लागला. १८८५ मध्ये कोर्टात झालेल्या गोंधळात त्याला अटकही झाली. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्या कामात माणसाला आनंद नाही ते काम गुलामी, आणि अशा कामातून आलेल्या वस्तूत सौंदर्य येऊ शकत नाही. यंत्रांना त्याचा सरसकट विरोध नव्हता. त्याच्या कंपनीचं लिनोलियम आणि काही गालिचे यंत्रावरच व्हायचे. माणूस यंत्राचा सुटा भाग होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. मर्टन ॲबीत मजुरी इतरांपेक्षा बरी होती, खिडक्या बागेकडे उघडायच्या. पण अशा रीतीने केलेली वस्तू स्वस्त कशी पडणार? सर्वांसाठी सौंदर्य म्हणणाऱ्या या माणसाचं गिऱ्हाईक होते उद्योगपती आणि राजघराणं. १८८७ मध्ये तर राणी व्हिक्टोरियाच्या बॅल्मोरल किल्ल्यासाठी तिच्या नावाच्या अक्षरांचा खास कागद त्याने काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रफाल्गार चौकात पोलिसांनी मोर्चे झोडपले, त्या मोर्चात तो होता. आपण श्रीमंतांच्या चैनीची सेवा करण्यात आयुष्य घालवतोय याचा त्याला संताप यायचा, तो एका धनिकाच्या घरी काम चालू असताना त्याच्याच तोंडावर निघाला, असा किस्सा त्याच्या चरित्रांत येतो.

हा प्रश्न त्याला सुटला नाही. तो यंत्राने सोडवला, पण मॉरिसच्या अर्ध्याच मागणीपुरता. आज सेल्युलोज आणि पॉलिस्टरच्या धाग्यांचा दाबून केलेला कागद ओला झाला तरी फुगत नाही, वाळला तरी आखडत नाही. म्हणून नवशिक्यालाही पट्ट्या जुळवता येतात. पहिली पट्टी ओळंबा सोडून आखलेल्या रेघेवर लावायची, भिंतीच्या कोपऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. नव्या जिप्समवर आधी प्रायमर. स्विचची पाटी काढताना मेन बंद. पट्टीला पट्टी टेकवायची, एकमेकींवर चढवायची नाही. ब्रश मधून कडेला फिरवायचा, आणि पात्याला धार नसेल तर लगेच नवं पातं. एसी दिवसभर बंद, नाहीतर खळ भराभर वाळून जोड उघडतात. इथल्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र जुन्या लंडनसारखीच आहे. बाहेर दमट वाफ, आत गार भिंत, आणि वर व्हिनाइलचा थर असलेला कागद. असा कागद बाहेरच्या भिंतीवर लावला तर मागे बुरशी धरते. सोमल नसला तरी ती छातीला बरी नव्हेच. श्वास घेणारा साधा नॉन-वोव्हन, तोही आतल्या भिंतीला, हे उत्तम.

विलोची डहाळी आता आमच्यासारख्या भाडेकरूच्या भिंतीवर चढते, हे मॉरिसला आवडलं असतं. ती कोणी छापली, त्याला त्या कामात काय मिळालं, हेही त्याने विचारलं असतं. आणि ती चिकटवायला येणारे बहुतेक कारागीर आमच्याच उपखंडातले. आमच्या याच पार्कात कामगारांच्या वसाहतीही आहेत. कारागिराला भाव करताना आपण कुठे थांबतो, हे ज्याचं त्याने बघावं.

शेवटची पाच वर्षं मॉरिसने पुस्तकं छापण्यात घातली. १८९१ मध्ये काढलेल्या केल्मस्कॉट प्रेससाठी अक्षरांचे साचे, कागद, शाई, कडेच्या वेली, सगळं आपल्या देखरेखीखाली करून घेतलं. ३ ऑक्टोबर १८९६ ला लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या घरी तो गेला, वय बासष्ट. पुढे १९४० मध्ये कंपनी बंद पडली आणि तिचं नाव व डिझाईन्स सँडरसन या कागदवाल्यांकडे गेली. पण अंत्ययात्रा त्याच्या पद्धतीचीच निघाली. लेचलेडच्या स्टेशनवरून शवपेटी नेली ती शेतातल्या पिवळ्या गाडीतून. चाकं लाल होती, आणि गाडीला द्राक्षाच्या वेली आणि विलोच्या डहाळ्या बांधल्या होत्या.